विश्रांती चिठ्ठीवर लिहा, डॉक्टर

प्रति,
अकलूज आणि माळशिरस तालुक्यातील सर्व स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांस,



पत्र लांबलं आहे. शेवटची पेशंट गेल्यावर, चहा घेता घेता वाचलंत तरी चालेल. हे सगळं तपासणीच्या खोलीत बोलता आलं असतं तर लिहायची वेळच आली नसती. पण तिथे आमच्या वाट्याला येतो तो वजनकाट्यावरून उतरून तुमच्या टेबलापर्यंत पोचण्यापुरता वेळ, आणि त्यातला निम्मा पाकिटातून सोनोग्राफीचा रिपोर्ट काढण्यात जातो. शिवाय पाठीशी घरचं कोणीतरी उभं असतं, आणि जे सांगायचं ते बहुतेक वेळा त्यांच्याबद्दलच असतं.

मी तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, सातवा चालू आहे. पहिल्या खेपेला एका दवाखान्यात आणि या खेपेला दुसऱ्यात मी थकव्याबद्दल विचारलं तेव्हा उत्तर एकच मिळालं, “होतंच असं या दिवसांत.” माझ्या जावेलाही तेच मिळालं आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंच्या सुनेलाही तेच. उत्तर खोटं नाही. पण ते अर्धं आहे, आणि उरलेलं अर्धं आम्ही घरी जाऊन सासूबाई, शेजारीण, मुख्याध्यापक आणि यूट्यूब यांच्याकडून भरून घेतो. ते काय दर्जाचं असतं हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तुमच्या हाताबद्दल तक्रार नाही, हे आधीच सांगते. अकलूजला दवाखान्यांची वाण नाही. शेजारच्या इंदापूर तालुक्यातूनही बायका इथे नाव नोंदवायला येतात, उपजिल्हा रुग्णालय आहे, रात्री-अपरात्री उठून येणारे डॉक्टर आहेत. माझी पहिली मुलगी त्यातल्याच एकांच्या हातावर सुखरूप झाली. तक्रार एवढीच, की बाळाचे ठोके, बाळाचं वजन, बाळाभोवतीचं पाणी यांची तुम्ही जेवढी आस्थेने चौकशी करता तेवढी बाईची होत नाही. “झोप लागते का? दिवसभरात किती वेळ बसायला मिळतं? घरात पाणी कोण भरतं?” हे प्रश्न मला आजवर कोणी विचारलेले नाहीत.

तर पहिलं मागणं. थकवा का येतो ते आम्हाला सांगा. आम्ही समजू शकतो. पहिल्या तीन महिन्यांत प्रोजेस्टेरॉन वाढतं आणि बाई दिवसाढवळ्या पेंगते. अंगातल्या रक्ताचं पाणी हळूहळू चाळीस-पन्नास टक्क्यांनी वाढतं, तांबड्या पेशी मात्र त्या प्रमाणात वाढत नाहीत, म्हणून रक्त पातळ होतं. हृदयाला मिनिटागणिक नेहमीपेक्षा तीस ते पन्नास टक्के जास्त रक्त फिरवावं लागतं, आणि तेही बाई नुसती खाटेवर पडलेली असताना. मी हे सगळं एका पुस्तकात वाचलं आणि मला भरून आलं. आळस नव्हता तो! सगळं सांगायला तुम्हाला दोन मिनिटं लागली असती.

आणि हे तिसऱ्या महिन्यातच सांगायला हवं, कारण घरात सगळ्यात जास्त बोलणी तेव्हाच खावी लागतात. पोट दिसत नसतं. सातव्या महिन्यात ओटी भरायला सगळं गाव येतं, झोपाळा काय, फुलांचे दागिने काय, कौतुकाला तोटा नसतो. पण ज्या महिन्यांत उभं राहावत नाही त्या महिन्यांत “आत्ताशी तर सुरुवात आहे, आत्ताच असं केलंस तर पुढं कसं व्हायचं?” हे ऐकावं लागतं. चौथ्या-पाचव्यात जरा हुशारी वाटते, तेव्हा कोणी म्हणत नाही की बघ, खरंच बोलत होती. मग सातव्यापासून थकवा परत येतो आणि त्याच्याबरोबर रात्रीच्या लघवीच्या खेपा, पोटरीत येणारे गोळे, कुशी बदलताना कमरेतून निघणारी कळ.

तुम्ही म्हणाल, एवढं काय काम असतं आता घरात, गॅस आहे, मिक्सर आहे. मी फक्त भाकरीचं सांगते. परातीत ज्वारीचं पीठ घेऊन त्यावर आधणाचं पाणी ओतलं की जी वाफ तोंडावर येते, तिने तिसऱ्या महिन्यात पोट ढवळून येतं. तोंड फिरवून, श्वास धरून मळायचं. मळून, थापून, तव्यावर टाकून वरून पाणी फिरवायचं, उलटायची, तवा बाजूला करून जाळावर फुगवायची, की तोवर दुसरी थापून तयार पाहिजे. या कामाला मध्ये थांबा नाही. घरातली माणसं आणि रानातल्या गड्याचा डबा धरून सकाळच्या पंधरा-सोळा भाकरी होतात. सातव्या महिन्यात ओट्याला पोट लागतं, म्हणून बाई ओट्यापासून हातभर मागे आणि जरा वाकडी उभी राहते, सगळा भार एका पायावर आणि कमरेवर. भाकरी खाली बसून थापता येत नाही असं नाही, पण मग उठायला कोणीतरी हात द्यावा लागतो. एवढं आवरून मी एसटीने शाळेला जाते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं हे फार चांगलं झालं, पण तेव्हापासून जागा मिळणं नशिबाचंच. तिथे उभी, वर्गात उभी, येताना उभी.

आता माझी मुख्य तक्रार. “जरा विश्रांती घेत चला” असं तुम्ही जाता जाता म्हणता. कोणाला म्हणता? बाईला. पण विश्रांती तिच्या हातात नसते, डॉक्टर. गोळी ती स्वतः घेऊ शकते. दुपारचे दोन तास तिला कोणीतरी द्यावे लागतात, आणि ज्यांनी द्यायचे ती माणसं एक तर तुमच्या खोलीत नसतात, नाहीतर ऐकून न ऐकल्यासारखं करतात. घरी येऊन “डॉक्टरांनी आराम करायला सांगितलंय” असं सुनेने सांगणं म्हणजे काय असतं याची कल्पना तुमच्यापैकी ज्या डॉक्टर मॅडम आहेत त्यांना तरी असेल. ते तिच्या तोंडचं वाक्य होतं, डॉक्टरांचं राहत नाही.

कागदावर लिहिलेलं मात्र डॉक्टरांचंच राहतं. आमच्या गल्लीतल्या एकीची वार खाली होती. डॉक्टरांनी फाइलवर मराठीत लिहिलं, “जिना चढू नये, वजन उचलू नये.” त्याच संध्याकाळी तिची कॉट माडीवरून खाली आली. सासऱ्यांनी स्वतः आणली. तेच सासरे आधी दोन महिने तिला वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायला पाठवत होते. माणसं दुष्ट नसतात, त्यांना लेखी हुकूम लागतो. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीला अजून मान आहे. मेडिकलवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे ती दोन्ही हातांनी घेतात. तो मान तुम्ही फक्त गोळ्यांच्या नावांसाठी खर्च करता, आणि तीही आम्हाला वाचता येत नाहीत.

म्हणून विनंती अशी, की विश्रांती औषधासारखी लिहून द्या. किती, केव्हा, कशी. “दुपारी जेवणानंतर दोन तास, डाव्या कुशीवर.” “पाण्याची घागर, सिलिंडर, पिठाचा डबा उचलू नये.” “एका जागी फार वेळ उभं राहू नये.” शुद्ध मराठीत, सुवाच्य अक्षरात, खाली सही-शिक्का.

याला शास्त्राचा आधार नाही असं कोणी म्हणेल म्हणून सांगते. आपल्यापासून लांब नाही, पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकाने गरोदर बायकांचा अभ्यास केला. शेतातलं काम, पाणी आणणं, घरकाम, सगळं मोजलं. आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये त्यातून जे मांडलं ते असं, की ज्यांच्या अंगावर कष्टाचं काम जास्त, त्यांच्या बाळांचं जन्मवजन कमी आणि डोक्याचा घेरही कमी. त्याच गावांत, ज्या बायकांच्या खाण्यात पालेभाज्या, फळं, दूध अधिक वेळा होतं त्यांची बाळं अंगाने भरलेली निघाली. म्हणजे ज्या बाळाच्या वजनासाठी तुम्ही आम्हाला प्रोटीन पावडरचे डबे लिहून देता, त्याच बाळासाठी बाईची घागर खाली ठेवणंही लिहून देता येतं. त्याला पैसे पडत नाहीत, एवढाच काय तो दोष.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर तुम्ही म्हणाल या बाईला नऊ महिने गादीवर लोळायचं आहे. नाही. रोज अर्धा तास चालावं हे मला मान्य आहे, मी चालते. माझं भांडण “काम करत राहा, नॉर्मल होईल” या वाक्याशी आहे. तुमच्यापैकी काही जण हे सर्रास म्हणतात. तुमच्या मनात असतं चालणं-फिरणं. घरी ऐकलं जातं ते फरशी पुसणं, गोधड्या आपटणं, रानात भांगलायला जाणं. “बसून फरशी पुसली की पोरगं सुरळीत होतं” हे अकलूजमध्ये प्रत्येक घरात ऐकायला मिळेल, आणि त्यावर तुमच्या वाक्याचा शिक्का बसतो. चालणं वेगळं आणि राबणं वेगळं, हे तुम्ही स्वच्छ शब्दांत सांगा. दुसरं एक तसंच, “कमी खा, बाळ मोठं झालं तर सिझर होईल.” हे तुम्ही म्हणत नाही, पण खोडूनही काढत नाही. अर्धपोटी बाई थकणारच, त्यात नवल काय.

आता रक्ताचं. हिमोग्लोबिन तुम्ही तपासता, त्याबद्दल शंका नाही. पण आकडा आम्हाला सांगता तो परीक्षेच्या निकालासारखा: “नऊ आहे, गोळ्या घेत नाही वाटतं.” राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या ४५.७ टक्के गरोदर बायकांना रक्तक्षय निघाला, देशात ५२.२ टक्के. जवळजवळ निम्म्या बायका निष्काळजी आहेत असं मानायचं का? अकरा ग्रॅमच्या खाली गेलं की रक्तक्षय, सातच्या खाली गेलं की तीव्र, हे मला आशाताईंकडून कळलं, तुमच्याकडून नाही. नऊ म्हणजे अर्धा जिना चढून धाप लागणारच, हे कळलं असतं तर मी स्वतःला दोष देत बसले नसते.

सरकारी लाल गोळीत साठ मिलिग्रॅम लोह आणि पाचशे मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं, ती गरोदरपणात १८० दिवस आणि बाळंतपणानंतर १८० दिवस रोज घ्यायची, असं ‘ॲनिमियामुक्त भारत’मध्ये २०१८ पासून ठरलेलं आहे. गोळ्या मिळतात, फुकट मिळतात. तरी घराघरांत फ्रिजच्या वर त्यांची पाकिटं साठलेली असतात. का? कारण शौचाला काळं होतं आणि बाई घाबरते. मलावरोध होतो. तोंडाला लोखंडाची चव येते, मळमळतं. हे होणार, होऊ द्या, रात्री जेवणानंतर घ्या, पाणी जास्त प्या, फारच झालं तर या, आपण गोळी बदलू, एवढं कोणी आधी सांगितलं तर कितीतरी जणी गोळ्या सोडणार नाहीत. आणखी एक. कॅल्शियमची आणि लोहाची गोळी तुमच्या मेडिकलमधून एकाच पिशवीत मिळते आणि आम्ही दोन्ही एकाच घोटात घेतो, वर चहा. कॅल्शियम आणि चहा दोन्ही लोहाला आडवे येतात. गोळीच्या आगेमागे चहा नको, लिंबू पिळलेलं काहीतरी चालेल, कॅल्शियम दोन तासांच्या अंतराने, हे पाकिटावर पेनाने लिहायला किती वेळ लागतो?

याच्या जागी आम्हाला मिळतो तो सल्ला बीट आणि डाळिंबाचा. लाल दिसतं म्हणून रक्त वाढतं, असा साधा हिशोब. सासऱ्यांनी माझ्यासाठी चाळीस रुपयांचं एकेक डाळिंब आणलं, प्रेमानेच आणलं, पण त्यात लोह अगदी थोडं असतं. आणि साखरेच्या तालुक्यात गुळाला तर विचारूच नका. गूळ-शेंगदाणे खावेत, चांगलेच आहेत, पण त्यांनी नऊचं अकरा होत नाही. मेथी, शेपू, राजगिरा, हुलगे, अळीव यांचं नाव तुमच्या डाएटच्या छापील कागदावर नाही. ॲव्होकॅडो आहे. तो कागद कुठून आला आहे हे एकदा तपासा.

फॉलिक ॲसिडवरून सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. लुसी विल्स नावाच्या ब्रिटिश डॉक्टर १९२८ मध्ये मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांचं रक्त इतकं का कमी होतं, याचा शोध घ्यायला. त्या काळीही कोणी म्हणू शकलं असतं, कष्टकरी बायका, होतंच असं. विल्सबाईंनी त्यांचं खाणं काय आहे ते पाहिलं, प्राण्यांवर प्रयोग केले आणि शेवटी मार्माइट नावाचा यीस्टचा स्वस्तातला अर्क देऊन त्या बायका सुधारून दाखवल्या. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ते छापून आलं. त्या अर्कात जे काही होतं ते पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखलं गेलं. आज जगभर गरोदर बाईला जी गोळी पहिल्या भेटीत देतात तिची सुरुवात आपल्या मुंबईतल्या गिरणीकामगार बायकांपासून आहे. एका डॉक्टरने त्यांच्या थकव्याला कारण असेल असं धरलं, त्यातून हे झालं.

तशीच विचारपूस आम्हाला हवी आहे. गोळ्या नीट घेऊनही आकडा हलत नसेल तर “घेत नसशील” असं म्हणण्याआधी बी-१२ बघा. याज्ञिकांच्याच अभ्यासात निम्म्याहून जास्त बायकांत ते कमी निघालं होतं, आणि आमच्या माळकरी घरांत तर अंडंसुद्धा येत नाही. थायरॉइड बघा. जंताची गोळी झाली का विचारा. आठव्या महिन्यात आकडा आठवर असेल तर शिरेतून लोह देता येतं, हे बाईला आधी सांगा, आयत्या वेळी रक्ताच्या बाटलीसाठी नवऱ्याला पळवण्यापेक्षा. आणि मन लागत नाही, सारखं रडू येतं, असं कोणी म्हणालं तर तेही थकव्यातच जमा करून टाकू नका.

“होतंच असं” या उत्तराचा खरा धोका पुढे आहे. ते एकदा कानावर पडलं की बाई पुन्हा विचारत नाही. बसल्या जागी धाप लागते, छातीत धडधडतं, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढे काजवे येतात, तोंडावर सूज येते, बाळाची हालचाल मंदावते, आणि ती मनाशी म्हणते, डॉक्टर म्हणालेच होते, होतंच असं. कोणता थकवा घरी झोपून काढायचा आणि कोणत्या वेळी रात्री दोन वाजता दार वाजवायचं, ही यादी पहिल्याच भेटीत आमच्या हातात पडायला हवी.

नवऱ्याला आत बोलवा, ही छोटी विनंती मध्येच करून टाकते. तो बाहेर मोटारसायकलवर बसून मोबाइल बघत असतो, कारण दारावर “पुरुषांना प्रवेश नाही” अशी पाटी आहे. तपासणी झाल्यावर पाच मिनिटं त्याला समोर बसवा आणि जे सांगायचं ते त्याच्याकडे बघून सांगा. सासूबाईंनाही. त्यांना मी खलनायिका करत नाही. त्यांच्या वेळी त्या उसाच्या रानात नवव्या महिन्यापर्यंत खुरपत होत्या आणि त्यांना कोणी काही लिहून दिलेलं नव्हतं.

नऊ तारखेबद्दलही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या नऊ तारखेला मोफत तपासणी असते, तुमच्यापैकी काही जण तिथे वेळ देतात, हे मोठं काम आहे. पण सरकारी असो की खासगी, रांग उभ्यानेच लागते. साखरेच्या तपासणीला ग्लुकोज पिऊन दोन तास थांबायचं असतं आणि बसायला पायरी. चार बाकडी, पिण्याचं पाणी आणि वेळेचे नंबर, एवढ्याने भागेल.

आणि शेवटी त्यांचं, ज्या हे पत्र वाचणार नाहीत. सध्या गाळप चालू आहे. आमच्या शाळेच्या मागच्या रानात ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडल्या आहेत, त्यांची पोरं हंगामापुरती माझ्या वर्गात बसतात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल दोघांच्या नावावर असते, आणि एक दिवस पडलं की खाडा. त्यांच्यातली एक माझ्याच महिन्यांतली आहे. पहाटे अंधारात फडावर जाते, नवरा तोडतो, ही वाढे काढून मोळी बांधते, आणि ट्रॉली भरायची वेळ आली की डोक्यावर मोळी घेऊन तिरप्या फळीवरून वर चढते. एक हात मोळीला, एक पोटाखाली. खाली उतरताना ती फळीच्या कडेला एक पाऊल थांबून दम खाते, तेवढीच तिची विश्रांती. पोरीला शाळेत सोडायला आली तेव्हा मी विचारलं, दवाखान्यात गेली होतीस का? म्हणाली, “गेलते की. सुई दिली. आराम कर म्हनले.” आणि हसली.

तुमच्या व्यवसायाबद्दल एक कडू गोष्ट इथे लिहावीच लागते. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांचा प्रश्न तपासला, तेव्हा पाहणी केलेल्या ८२,३०९ जणींपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. पाळीचा, अंगावरून जाण्याचा, पोटदुखीचा त्रास सांगायला गेलेल्या बायका. खाडा परवडत नव्हता आणि समोर डॉक्टरने शस्त्रक्रिया ठेवली. बीडची गोष्ट अकलूजच्या डॉक्टरांना का सांगता, असं म्हणू नका. त्याच बायका सहा महिने आपल्या तालुक्यात असतात आणि सुई टोचून घ्यायला तुमच्याच दारात येतात. त्यांना “आराम कर” म्हणणं ही थट्टा होते, हे तुम्हालाही कळतं. त्यांच्या हातात “मोळी उचलू नये, फळीवर चढू नये, बसून करायचं काम द्यावं” अशी सही-शिक्क्याची चिठ्ठी द्या. मुकादम ती मानेलच असं मी म्हणत नाही. पण तोंडी सांगितलेलं तो मानणार नाही हे नक्की, आणि तुमच्यातले चार-सहा जण मिळून एकदा कारखान्यांच्या शेती विभागाशी बोललात तर चिठ्ठीला वजन येईल. हे बोलणं मला जमणार नाही, तुम्हाला जमेल. ऊस त्यांचा असतो आणि पेशंट तुमच्या.

माझ्यासारख्या नोकरीवालीचं त्या मानाने बरं आहे. १८० दिवसांची रजा आहे. फक्त ती बाळासाठी साठवायची म्हणून नववा लागेपर्यंत आम्ही फळ्यासमोर उभ्या असतो. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यानेसुद्धा शेवटच्या आठवड्यांत बाईने विनंती केली तर तिला कष्टाचं किंवा फार वेळ उभं राहण्याचं काम देऊ नये असं म्हटलं होतं. वर्गात खुर्ची वापरायला मला कायदा लागत नाही, पण “बसून शिकवावे” अशी तुमची एक ओळ असेल तर मुख्याध्यापकांपुढे दरवेळी पोटावर हात ठेवून उभं राहावं लागणार नाही.

तुम्हाला प्रत्येकीसाठी लिहीत बसायला वेळ नाही, हे मला दिसतं. म्हणून मी मसुदा करून ठेवला आहे. फाइलच्या आतल्या बाजूला चिकटवता येईल एवढाच:

“सौ. _______ यांना _______ महिना सुरू आहे. यांनी दुपारी दोन तास झोपावे. रात्री आठ तास अंथरुणात असावे. घागर, सिलिंडर, पोती, मोळी उचलू नये. सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ उभे राहू नये. स्वयंपाकात मध्ये बसावे व उरलेले काम घरातील दुसऱ्या व्यक्तीने करावे. रोज चालावे, फरशी पुसणे म्हणजे व्यायाम नव्हे. दिवसातून चार-पाच वेळा खावे. लोहाची गोळी रात्री, कॅल्शियम वेगळ्या वेळी, चहा दोन्हीपासून दूर. हिमोग्लोबिन आज _____ आहे, पुढच्या भेटीत _____ व्हायला हवे. बसल्या जागी धाप, छातीत धडधड, डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, तोंडावर सूज, रक्त जाणे, बाळाची हालचाल कमी होणे, यांपैकी काहीही झाल्यास वेळ न पाहता यावे. ही सूचना कुटुंबातील सर्वांसाठी आहे.”

यात वैद्यकीय चूक असेल तर ती दुरुस्त करा, तो तुमचा अधिकार. भाषा मात्र शक्यतो बदलू नका. टाइप करून, एका पानावर चार बसतील असा लावून ठेवला आहे. तुमच्या दवाखान्याचं नाव आणि शिक्का यांची जागा खाली मोकळी आहे. छपाईचा खर्च पानामागे एक रुपया येतो, मी स्टॅण्डजवळच्या झेरॉक्सवाल्याला विचारून घेतलं आहे. पुढच्या तपासणीला येताना प्रत घेऊन येते.



आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका,
अकलूज, ता. माळशिरस, जि. सोलापूर